धागा बांधलेला पेला

आजारातून उठलेल्या बाईशी लोक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजावर बंदी घातली पाहिजे. मी तो सहा महिने ऐकला. मला छातीचा टीबी झाला होता. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, शेवटची तपासणी स्वच्छ आली, डॉक्टरांनी फाइल मिटून "लागा आता कामाला" म्हटलं. तरी शेजारच्या काकू कुंपणापलीकडूनच "बरं हाय ना बाई?" विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत दोन पावलं मागे सरकायच्या.

आणि माझं काम काय, तर याच आजाराबद्दल गावोगाव पत्रकं वाटणं. आजारी पडायच्या आधीपासूनचं. "टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. रुग्णाचं ताट वेगळं काढणं हा अन्याय आहे." हे वाक्य मी लिहिलेलं, मीच ठळक ठशात छापून घेतलेलं. बाजाराच्या दिवशी ते मी इतक्या जोरात वाचून दाखवायची की भाजीवाल्या वैतागायच्या.

धान घरात आलं आणि माझी सिहोऱ्याची मैत्रीण शेतातून मोकळी झाली, तसा तिचा फोन आला. "शनिवार-रविवार पवनीले जाऊ. नाही म्हणशील तं आमी तिघी तुझ्या घरी येऊन बसतो."

आम्ही चौघी भंडाऱ्याच्या होस्टेलपासूनच्या. ही सिहोऱ्याची, शेती करते, आवाज बांधावरून बांधावर पोचणारा. दुसरी पवनीची, विणकरांच्या घरची, कमी बोलते आणि नजर बारीक. तिसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला आम्ही मास्तरीण म्हणतो. मला तिघीही पुढारीण म्हणतात आणि त्यात कौतुक फारसं नसतं. पवनीचीची मावशी लग्नाला गेली होती, तिचं घर दोन दिवस आमचं होतं.

एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. मायेनं की भीतीनं, मी मनात नोंद केली. मावशीच्या घरी चहा आला, तिघींना कपात, मला स्टीलच्या पेल्यात. पेल्याच्या गळ्याशी लाल सुती धागा बांधलेला, गाठ अगदी विणकराच्या हातची. मी तो बराच वेळ पाहत राहिले.

"काय पाहून राहिली? साखर कमी हाय काय?" सिहोऱ्याचीनं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

माझी सवय अशी, की अन्याय दिसला की आधी बोलायचं आणि मग पाहायचं. या वेळी मात्र मी गप्प बसले, कारण प्रकरण जुळत नव्हतं. याच तिघींनी स्टँडवर भेटताच मला मिठ्या मारल्या होत्या. संध्याकाळी पवनीच्या जुन्या परकोटावर चढताना मला दम लागला, तर मास्तरीण माझ्या तोंडाशी तोंड आणून "श्वास घे, घाई नाही" म्हणत उभी राहिली. वरून नदी दिसली. खालच्या अंगाला धरण झाल्यापासून वैनगंगा इथे वाहताना दिसत नाही, तळ्यासारखी पसरून असते. सिहोऱ्याचीला थंडी वाजली तशी तिनं माझ्या अंगावरची शाल ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. झोपायला चार गाद्या चिकटून टाकल्या आणि मला मधोमध घेतलं.

मग भीती कशाची? हवेतून येणाऱ्या आजाराला ज्या बायका श्वासाच्या अंतरावर भीत नाहीत, त्या पेल्याला भितात? मी गावोगाव भीतीचे पुष्कळ प्रकार पाहिले, पण हा नवीन होता. रविवारी सकाळी मी सर्वेक्षणाला बसल्यासारखी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. पोह्यांची माझी बशी वेगळी. पण माझ्या केसांतला कंगवा पवनीचीनं घेतला आणि स्वतःच्या वेणीत फिरवला. टेकडीवरच्या जुन्या स्तूपाच्या विटा पाहायला गेलो, तिथं मास्तरणीनं माझा रुमाल मागून घाम पुसला. पाण्याची बाटली मात्र माझी मलाच. हिशेब एवढाच निघत होता: तोंडाला लागणारं सगळं वेगळं, बाकी सगळं एकत्र.

दुपारी लांब पोळ्या करायच्या होत्या. त्यासाठीच खरं तर आम्ही जमतो. भरपूर पाण्यात तिंबलेली सैल कणिक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. एक पोळी पंचाएवढी होते. ती एकीसाठी कोणी करत नाही. आमच्यात होस्टेलपासूनचा रिवाज असा, की पहिली पोळी परातीत पडली की चौघींनी चार बाजूंनी एकदम ओढायची. जिच्या हाती सगळ्यांत लहान तुकडा येईल, तिनं शेवटी परात घासायची. आमची निम्मी भांडणं या पोळीवरची आहेत.

अंगणात चूल पेटली. मडकं तापलं. सिहोऱ्याची कोपरापर्यंत हात माखून बसली होती. तिनं कणकेचा मोठा गोळा बाजूला ठेवला, तळहाताएवढा तोडून घेतला आणि मडक्याच्या एका कडेला इवलीशी पोळी टाकली. ती भाजली, वेगळ्या ताटलीत ठेवली, वर वांग्याची भाजी वाढली आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "तुझी पहिले."

माझं डोकं सणकलं. मी उभीच राहिले आणि सुरू झाले. मी म्हटलं, बाकीच्यांना मी समजू शकते, त्यांना माहिती नाही. तुम्हाला तर मी घरपोच पत्रकं दिली. मास्तरीण वर्गात ती वाचून दाखवते आणि इथे माझा पेला धाग्यानं ओळखते. मग मिठ्या कशाला मारल्या? तेवढ्या तरी खऱ्या होत्या का? आणखीही बोलले. बोलता बोलता खोकला आला, साधा, धुराचा, आणि त्याचाही मला राग आला.

सिहोऱ्याचीनं लाकूड आत सारलं. "झालं? का अजून हाय?"

"झालं."

"मास्तरीण, दाखव वो इले."

मास्तरणीनं पदराला हात पुसले, मोबाइल काढला, जुने मेसेज बराच वेळ मागे सरकवत नेले आणि तो माझ्यासमोर धरला. आमच्या चौघींचा ग्रुप. मी तापात, आजाराच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेलं: "सगळ्यांसाठी सूचना. एक, माझ्या पेल्यातलं कोणी पिणार नाही. दोन, माझ्या ताटातलं कोणी खाणार नाही. तीन, प्रेम दाखवायला नियम मोडायचे नाहीत. मी स्वतः सांगेपर्यंत लागू."

मला ते लिहिल्याचं आठवतच नव्हतं. भाषा मात्र माझीच होती.

"एक अन् दोन तुझ्या पत्रकाच्या उलट हाय," मास्तरीण म्हणाली. "मले तवाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुले ताप किती होता? तापातल्या माणसाशी वाद घालू?"

"ताप उतरल्यावर?"

"तू लिहिलं होतं, मी सांगेपर्यंत. तू सांगतलं काय?"

पवनीची इतका वेळ भाजी ढवळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमाले भीती नाही वो. पर तुले वाटते. काल पेला हाती घेतला तं तू धागा पाहिला, सोडला नाही. मी वाट पाहून होती."

घरी माझा कप अजून वेगळ्या खिळ्याला टांगलेला आहे. तो खिळा मी ठोकलाय. मागच्याच आठवड्यात भावाची लहान पोर माझ्या बशीतला चहा प्यायला वाकली आणि मी बशी इतक्या जोरात ओढली की चहा तिच्या फ्रॉकवर सांडला. तपासणीचा कागद कपाटात होता. पत्रकातलं वाक्य तोंडपाठ होतं. हात ऐकत नव्हता.

सिहोऱ्याचीनं मोठा गोळा उचलला होता. कणिक तिच्या हातांवर लांब होत चालली होती, खाली लोंबत होती, आता थांबवता येणारी नव्हती. मडक्यावर पडली, फुगली, कडा सुटल्या. तिनं ती उचलून परातीत टाकली. वाफ वर आली. तिघींनी आपापली कड धरली आणि कोणीच ओढली नाही.

"पुढारीण, सांगून टाक नं बाप्पा," सिहोऱ्याची म्हणाली. "बोटं भाजून राहिली."

मी खाली बसले. "सूचना रद्द," मी म्हटलं. आवाज बाजारातला नव्हता. चौथी कड हातात घेतली आणि अर्धा क्षण माझी बोटं तशीच राहिली. त्या अर्ध्या क्षणात तिघींनी दया न दाखवता ओढलं.

माझ्या हातात दोन बोटं रुंद तुकडा आला. परात मी घासली. मी घासत असताना पवनीचीनं पेल्याचा धागा सोडला, बोटावर गुंडाळला आणि त्याच पेल्यातलं माझं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.