चांगल्या कपातला चहा

लंडनमधल्या मराठी म्हाताऱ्यांना एकच गोष्ट पढवून पढवून बुद्धभूषण मेश्रामांचा घसा बसला होता. लंडन म्हणजे कॅनडातलं, राणीचं नव्हे. घरी मदतनीस किती तास द्यायची हे ठरवायला सरकारी बाई येते, तिच्यासमोर उठबस करू नका, ठेवणीतली साडी नेसू नका आणि मुख्य म्हणजे चहा करू नका! आपल्या लोकांची खोडच अशी की पाहुणा दिसला की दुखणं कपाटात ठेवतात आणि ‘एव्हरीथिंग फाइन’ म्हणतात. बाई तेच लिहून घेते आणि तास कापले जातात. एका भेटीवरून म्हाताऱ्या माणसाला तोलू नका, एवढ्या एका मागणीसाठी आंबेडकर असोसिएशनचा हा निवृत्त इंजिनिअर सरकारी समित्यांचे उंबरे झिजवत होता.

मग ती बाई त्यांच्याच घरी यायची ठरली.

धम्मप्रियाताईंना कंपवात होता. रोज सकाळी मदतनीस येऊन त्यांना आंघोळ घालायची, म्हणून तर नवरा-बायको अजून आपल्या घरात राहत होती. तास कमी झाले तर घर सुटणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“पडूनच राहा,” बुद्धभूषणांनी बजावलं. “वॉशरूमला एकटीला जाता येत नाही, हे स्पष्ट सांग.”

“बरं,” ताई म्हणाल्या.

बरं कसलं! बाई टेकते न टेकते तोच ताई वॉकर सोडून, भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात. बुद्धभूषण मागोमाग धावले.

“अगं, काय करून राहिली तू?”

“चहा ठेवते.”

“साऱ्या दुनियेला मी सांगतो की...”

“सांगा तुम्ही. माझ्या आईच्या हातचं पाणीसुद्धा गावात कोणी पीत नव्हतं. माझ्या घरून कोणी कोरडं जाणार नाही.”

बुद्धभूषणांनी साखरेचा डबा काढून दिला. त्यांच्या आईची गोष्टही तीच होती.

ताईंनी चांगला कप काढला आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला. निम्मा चहा बशीत सांडला. बाईने बशीतला कपात ओतून घेतला आणि मिटक्या मारत संपवला. “डिलिशस! यू आर डुइंग सो वेल!” ताईंचा चेहरा उजळला. बुद्धभूषण बाईच्या पेनाकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात फोन आला. मदतनीस आता आठवड्यातून एकदाच येणार. त्यांनी अपील केलं, ते कुठल्या तरी टेबलावर पडून राहिलं. मग ताईंना आंघोळ बुद्धभूषणच घालू लागले आणि ऐन थंडीत एका सकाळी दोघंही टबात कोसळली. त्यांचं मनगट मोडलं, ताईंचा खुबा. इस्पितळातून ताई घरी आल्याच नाहीत. तासाभराच्या अंतरावर, दुसऱ्याच गावातल्या केअर होममध्ये त्यांना जागा मिळाली. तिथे खोलीत किटली ठेवायलाही बंदी!

वसंतात सरकारी समितीसमोर बुद्धभूषणांची बोलायची पाळी आली. प्लॅस्टरमधून नुकता सुटलेला हात टेबलावर ठेवून त्यांनी चहाची सगळी हकिकत सांगितली.

“म्हणजे सीनियर्सनी चहा देऊ नये, असं तुमचं म्हणणं आहे?” अध्यक्षबाईंनी इंग्रजीत विचारलं.

इतकी वर्षं तेच सांगत आलेल्या माणसाला एकदम आपलीच चीड आली.

“नो, मॅडम. ड्रिंक हर टी. अँड देन गिव्ह हर द अवर्स.”

अध्यक्षबाईंनी आभार मानले आणि पुढच्याला बोलावलं.

तिथून ते थर्मास आणि तो चांगला कप घेऊन थेट ताईंकडे गेले.

“काय म्हणाले?”

“थँक यू म्हणाले.”

तेवढ्यात तिथली मदतनीस चादर बदलायला आली. ताईंनी नवऱ्याकडून कप भरून घेतला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. “टी. टेक.”

“सो स्वीट! पण रेसिडेंट्सकडून काही घ्यायची आम्हाला परवानगी नाही. सॉरी,” ती इंग्रजीत म्हणाली. वाईट नव्हती पोर. चादर नीट खोचून गेली.

कप तसाच पुढे धरलेला राहिला, चहा गाऊनवर सांडत होता. बुद्धभूषणांनी तो हलकेच काढून घेतला आणि उरलेला घोटाघोटाने पिऊन टाकला.

ताई दाराकडेच बघत होत्या.

“तुमचं काय,” त्या म्हणाल्या, “तुम्ही तर घरचे.”