माघातली तारीख

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. गुरुजींनी वडिलांना पुन्हा पुन्हा समजावलं नसतं तर मी गावाकडे, कोंडाण्याच्या शेतातच राहिलो असतो. त्या उपकारामुळे कर्जतच्या भात उत्पादकांच्या संस्थेत नोकरी लागली आणि संस्थेने संगणक घेतला तेव्हा तो शिकायला मलाच पाठवलं. हे शहाऐंशी सालचं.

सभासदांची जुनी माहिती भरताना तारखांचे रकाने मजकूर म्हणून भरले गेले होते. आपण वाचली तर ती तारीख, पण यंत्राला ती नुसती अक्षरं. त्यांतून दिवस मोजायचे तर आधी अक्षरांची तारीख करून घ्यावी लागे. त्यासाठी एक आज्ञा होती, ती मी शिकून आलो होतो.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत साहेबांनी पहिली यादी मागितली. सात वर्षं ज्याचा पत्ता नाही असा सभासद मयत धरून त्याची जागा वारसाला द्यायची, असा संस्थेचा ठराव होता. यादीत माझ्या चुलत भावाचं नाव आलं. यादी काढून देऊन मी दुसऱ्या कामाला लागलो होतो; नाव माझ्या लक्षात आलं तोवर शिपाई नोटिसा घेऊन निघूनही गेला होता.

भाऊ ऐंशी सालच्या भर पावसात कशेळ्याच्या बाजाराला म्हणून गेला तो परतला नाही. वहिनीने कुंकू पुसलं नव्हतं. गावातल्या बायका टोचून बोलत, सासरची माणसं आडून सुचवत. ती सगळ्यांना एकच सांगे, ह्यांच्या मरनाचा नेमका दिवस कळल्याशिवाय मी कुंकवाला हात लावणार नाय. तिची सगळी धडपड त्या एका दिवसासाठी होती.

पावसाळ्यात गेलेल्या माणसाची सात वर्षं फेब्रुवारीत कशी भरली, म्हणून मी यादी उलगडून पाहिली. बेपत्ता झाल्याच्या मूळ रकान्यात दोन, आठ, ऐंशी असं लिहिलं होतं, म्हणजे दोन ऑगस्ट. यंत्र परदेशी पद्धतीचं. ते महिना आधी वाचायचं. त्याने आठ फेब्रुवारी केली होती. ज्यांची तारीख बारापुढची होती त्यांचे रकाने तर चक्क कोरे पडले होते. तारखांचा क्रम सांगणारी एक ओळ वर घालायची राहिली होती. ती घातली, यादी पुन्हा काढली. भावाचं नाव गेलं.

चूक पटवून द्यायला पुरावा असावा म्हणून मी साहेबांकडच्या ऐंशी सालच्या पंचांगात दोन्ही तारखांच्या तिथी पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाण्याला गेलो.

वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. कपाळ मोकळं होतं.

मी घाईघाईने सांगितलं, की ती नोटीस चुकीची आहे, यंत्राने दिवसाचा महिना करून फेब्रुवारीतली तारीख काढली, दादाला अजून सात वर्षं झालेली नाहीत. ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "तुमच्या यंत्रानं काडलेली ती तारीख त्या सालच्या शिवरात्रीच्या आधीची का नंतरची?"

"आधल्या आठवड्यातली. पण वहिनी, त्या दिवशी दादा घरी होता."

"हुतं ना. लाकडाला गेलं हुतं, लेण्यांच्या वरच्या अंगाला. दिवेलागणीला आलं. लाकडं नाय, कोयता नाय. भिंतीकडं तोंड करून बसलं नि मला इचारलं, बाई, ह्ये घर कुनाचं?"

दादाला मी त्यानंतरही भेटलो होतो. एकदा ओटीवर आम्ही शेजारी बसून चहा प्यायलो होतो. तो माझ्याकडे पाहून हसला होता, नाव मात्र घेतलं नव्हतं. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

वहिनी खालच्या आवाजात सांगत होती, की त्यानंतर तो शेतावर जाई, जेवी, झोपे. पण तिला एकदाही गं म्हणून हाक मारली नाही. कुत्रं त्याच्या वाऱ्याला उभं राहीना. लोक हसतील म्हणून ती कुणाला बोलली नव्हती.

"पावसात गेला तो नुसता देह, भावजी. मानूस तवाच गेला. मला वाटायचं, ह्ये मला एकटीलाच ठावं हाय."

मी पुन्हा म्हणालो, ती फक्त एका ओळीची चूक आहे, ती मी स्वतः सुधारून आलो आहे.

"कागदाला तुमची पावसातली तारीख द्या. मी कशाला नाय म्हनू?"

ऑगस्टमध्ये यादी बरोबर निघाली. नोटीस मीच घेऊन गेलो. वहिनीने अंगठा दिला, चहा दिला, दादाविषयी अवाक्षर काढलं नाही. त्याच्या श्राद्धाचं पान मात्र ती माघातच करी. मला दर वर्षी बोलावणं येई. आमची पानं नेहमीसारखी समोरासमोर मांडलेली असत. दादाचा पाट ती भिंतीकडे वळवून ठेवी आणि त्या पानावर वाढताना, मागे उभी राहून, आधी हळूच आपलं नाव सांगे.