वशिंडाचा डायनासोर

वडनेरच्या बापूरावांच्या हाताला एकच जनावर येत असे, बैल. वांग्याच्या वाडीतून परतलं की वाकस-पटाशी घेऊन ते ओसरीवर बसत आणि सागाच्या ओंडक्यातून बैल उभा राही. तीस वर्षांत त्यांच्या गल्लीतल्या एकाही लेकरानं तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, विकतचा नंदी ओढला नव्हता.

यंदा नऊ वर्षांची नात आचल म्हणाली, "आबाजी, मले बैल नाई पाह्यजे. डायनासोर पाह्यजे, तीन शिंगांचा."

"शिंगं हायेत न? मंग झालं. नंदीच्या रांगेत त्याले घेऊन उभी राहशील, माहा शब्द."

पुस्तकातलं चित्र समोर ठेवून त्यांनी आठ दिवस घाम गाळला. मानेवरची सुपासारखी झालर लाकडात उतरली, पोपटासारखं तोंड आलं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी हिरवा रंग वाळला, चाकं लागली, आणि आचल किंचाळली.

"आबाजी! याले वशिंड काऊन?"

बापूरावांनी पाहिलं. पाठीवर चांगलं भरदार वशिंड होतं. खाली चारी पायांना दुभंगलेले खूर होते. हातानं त्यांना न विचारताच काढले होते.

"सवय, बाई," ते ओशाळून म्हणाले. तासायला वेळ उरला नव्हता.

मारुतीच्या पारापुढे आंब्याच्या पानांचं तोरण डोक्याएवढ्या उंचीवर बांधलेलं होतं. ते तुटलं की पोळा फुटला, मग लेकरांनी आपापले नंदी पळवायचे. तोवर कुणी जागचं हलायचं नाही. तोरण तोडायचा मान दरवर्षी किसनरावांच्या घरच्या नंदीचा. किसनराव पोळ्याच्या कमिटीचे मुख्य, शिवाय चाळीस वर्षांपासूनचे बापूरावांचे बैलबाजारातले सोबती.

"हे काय आणलं गा, बापू?" आचलला रांगेत पाहून त्यांनी विचारलं.

"जनावर हाये," बापूराव सावधपणे म्हणाले.

किसनराव वाकले. त्यांनी वशिंडावरून हात फिरवला, खूर चाचपले. "वशिंड हाये, खूर हायेत, शिंग एक जास्त. बैलच हाये. राहू दे रांगेत."

बापूरावांनी सुस्कारा सोडला. नातीला दिलेला शब्द राहिला.

"बैल नाई हाये तो," आचल म्हणाली. "वशिंड आबाजीच्या चुकीनं आलं. हा अंडे देते."

पारावर हशा उसळला. बापूरावांनी तिचा फ्रॉक मागून ओढला, पण पोरगी खोटं बोलून रांगेत राहणाऱ्यांतली नव्हती.

"अंडे?" किसनराव म्हणाले. "म्हंजे हा कोणाच्या भावकीतला?"

"मगर, डायनासोर न कोंबडी एकाच आज्याची लेकरं. पाल, सरडे दूरचे चुलत. डायनासोरची कमरेवरून दोन घराणी. एकाची कंबर पालीसारखी, एकाची पाखरासारखी. हा पाखरासारख्या कमरेचा."

"म्हंजे पाखरं याच्या घराण्यातली?"

"नाई! पाखरं दुसऱ्या घराण्यात झाली, पालीसारख्या कमरेच्या."

"हे तं आमच्या भावकीच्या वरताण झालं!" कुणीतरी ओरडलं. बाया तोंडाला पदर लावून डोलू लागल्या.

किसनराव हसले नाहीत. "कोंबडीची भावकी नंदीच्या रांगेत चालत नाई, बापू. बाजूले घे."

आचल जागची हलली नाही. बापूराव पुढे सरसावले.

"किसन्या, बाजारात बैल घेताना तू आधी कुठून पाह्यते?"

"मांगून. पाय पाह्यतो."

"मंग याले पाह्य न मांगून. पाल असती तं पाय बाजूले फाकले असते. याचे कसे बैलासारखे सरळ अंगाखाली हायेत! आचल, हे खरं का माही चूक?"

"खरं!" आचल ओरडली. "त्याच्यावरूनच तं ओळखतेत डायनासोर!"

बापूरावांना चेव चढला. त्यांनी जनावर दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचा मागचा भाग थेट किसनरावांच्या नाकापुढे धरला. किसनरावांचं डोकं आपोआप बाजारातल्यासारखं कललं, एक डोळा बारीक झाला.

"पाय तं..." ते पुटपुटले, "बिनखोट हायेत."

"जरा उजेडात पाह्य!" बापूराव तोरणाखालीच गर्रकन वळले. नाकावरचं तिसरं शिंग तोरणात अडकलं. सुतळी ताणली, आणि तटकन तुटली.

मग कोणत्यातरी लेकरानं बोंब ठोकली, "पोळा फुटला!"

शंभर चाकं एकदम खडखडली. किसनराव हात पसरून "थांबा, थांबा रे" म्हणत राहिले आणि त्यांच्याच घरचा नंदी त्यांच्या पायावरून गेला. बापूरावांनी जनावर खाली ठेवताच आचलनं दोरी हिसकली. गळ्यात आंब्याची पानं अडकलेला डायनासोर वशिंड हलवत, दुभंगल्या खुरांनी नंद्यांच्या ऐन मध्यात शिरला, आणि सत्तरीचे बापूराव धोतराचा सोगा धरून त्याच्यामागे धावत सुटले.