दहावी फेरी

छावणीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानासमोर रंगरुटांचं मैदान आहे. त्यांना कवायत शिकवणाऱ्या हवालदारांना सगळे उस्ताद म्हणतात. पोरांच्या वर्द्या ते स्वतः तपासून नेतात. "भैया, हे बटण ढिलं काहून? पोरगा लढायला जाऊन राहिला."

रायफल हातून पडली की ती डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या, हा त्यांचा कायदा. सीमेवर लढाई पेटली आणि पोरांना लवकर पाठवायचं ठरलं. शेवटच्या दिवशी रायफल उस्तादांच्याच हातून पडली. त्यांनी ती उचलून कपाळाला लावली, डोक्यावर धरली आणि ते धावायला लागले. वय पंचेचाळीस, वर मे महिन्याचं ऊन. शेवटी एका पोराला राहवलं नाही.

"दस हो गए, उस्ताद!"

"नौ," ते म्हणाले, आणि धावत राहिले.