घुमीवर आलेला आळ

स्टुडिओत तिला सगळे घुमी म्हणायचे. एक तर ती बोलायची कमी, आणि दुसरं म्हणजे ती जे वाजवायची ते घुमायचं. रहस्यपटात नायिका एकटीच जिना चढायला लागली की पडद्यामागून जो आवाज सरपटत यायचा आणि प्रेक्षकांच्या पोटात गोळा आणायचा, तो घुमीचा. नामावलीत मात्र नाव यायचं ते संगीतकाराचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

घुमीचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. लहानपण सगळं तारा, खिळे आणि डाक लावायच्या धुराच्या वासात गेल्यामुळे तिला यंत्राची भीती अशी कधी वाटली नाही. ती स्टुडिओत आली होती ऑर्गन वाजवायला. मग एके दिवशी लाकडी खोक्यातून सिंथेसायझर आला. खाली पियानोसारख्या पट्ट्या, वर फिरवायच्या चकत्यांची भिंतच, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात घालायच्या तारांचा गुंता. व्हायोलिनवाले त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहायला लागले. मास्तरांनी विचारलं, ‘‘याच्यापुढे कोण बसणार?’’ सगळे आपापल्या वाद्यांकडे बघायला लागले. घुमी उठली आणि बसली.

त्या दिवसापासून ती स्टुडिओत एकटी पडली. पार्श्वसंगीताला पूर्वी खोलीभर माणसं लागायची, आता मास्तर, घुमी आणि रेकॉर्डिस्ट एवढ्यावर भागायला लागलं. ज्यांचं काम गेलं त्यांत घुमीचा नवराही होता. तो क्लॅरिनेट वाजवायचा, आणि फार गोड वाजवायचा. ‘‘नवऱ्याच्या पोटावर बायकोनंच पाय दिला,’’ असं वादक कँटीनमध्ये म्हणायचे, ती आत आली की गप्प व्हायचे. घरात मात्र या विषयावर दोघंही चकार शब्द काढत नसत. तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचा, तिची पिशवी धरायचा, आणि बस आली की हात वर करायचा. बस्स.

जिना चढायचा तो आवाज घुमीने कित्येक आठवडे खपून बसवला होता. जवळजवळ जुळलेले पण पुरते न जुळलेले दोन सूर घ्यायचे. त्यांच्या भांडणातून एक हेलकावा उठतो. तो हेलकावा आधी दाबून ठेवायचा आणि मग चकती अगदी हळू फिरवत मोकळा सोडायचा. काम झालं की ती सगळ्या चकत्या शून्यावर आणायची, तारा काढून ठेवायची. मास्तर विचारायचे, ‘‘हा आवाज कसा करतेस गं?’’ ती म्हणायची, ‘‘होतो.’’

आणि एके सकाळी मास्तर लालबुंद होऊन स्टुडिओत आले.

‘‘समोरच्या थिएटरात नवा पिक्चर लागलाय. पाहिलास?’’

‘‘नाही, मास्तर.’’

‘‘मग जाऊन ऐक. तुझा आवाज आहे त्यात. माझा आवाज! तळघराचं दार उघडतं तिथे. दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये!’’

घुमीला वाटलं, मास्तरांच्या कानाला काहीतरी झालंय. दुपारच्या खेळाला ती एकटी जाऊन बसली. तळघराचं दार उघडलं, आणि ती खुर्चीत पुढे सरकली. सूर तेच. हेलकावा तोच. जरा जास्तच स्वच्छ होता, एखादीने आपली साडी धुऊन, इस्त्री करून, नेसून समोर उभं राहावं तसा. पुढच्या रांगेतली एक बाई ‘‘आई गं’’ म्हणून किंचाळली. घुमीला किंचाळणंही सुचलं नाही. हा आवाज तिच्या बोटांतून बाहेर जाऊन तिथे पोहोचला कसा?

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रेकॉर्डिस्टला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

‘‘हा आवाज कोणाला माहीत आहे?’’

‘‘मला.’’

‘‘आणखी?’’

‘‘कोणालाच नाही.’’

‘‘मग मी काय समजायचं?’’ मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. ‘‘तुला काढून टाकत नाही. पिक्चर अर्धा झालाय, मला तू हवीस. पण लक्ष ठेवणार. राग मानू नकोस.’’

राग मानायचा नाही म्हणजे काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून दारावरचा पहारेकरी जाताना तिची पिशवी उघडायला लावायचा. रुमाल, छत्री, डबा, एवढंच असायचं त्यात. तो बिचारा मान खाली घालून बघायचा. रेकॉर्डिस्ट आधी गप्पा मारायचा, आता काचेपलीकडून नुसती मान हलवायचा. टेप कपाटात जायच्या आणि कपाटाची किल्ली मास्तरांच्या खिशात. वादकांना तर आयतंच सापडलं. ‘‘आम्हाला घालवून हिनं दुकान मांडलं बघा,’’ असं आता ते तिच्या देखत म्हणायला लागले.

आपण चोर नाही हे घुमीला पक्कं माहीत होतं. मग चोर कोण? रेकॉर्डिस्टकडे टेप होती, पण टेपवरून आवाज उचलला असता तर मागचं बाकीचं संगीतही सोबत आलं असतं. थिएटरात तो आवाज सुटा होता, नागडा. म्हणजे कोणालातरी तो करता येत होता. आणि करायचा कसा, हे पाहणारं माणूस एकच. सुट्टीच्या दिवशी ती स्टुडिओत सराव करायची तेव्हा नवरा सोबत यायचा, मागच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचा. पेपर वाचत होता की आणखी काही?

हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पण शंका एकदा आत शिरली की ती पाहुण्यासारखी परत जायचं नाव काढत नाही. त्या आगीत घरातूनच तेल पडलं. नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची, संध्याकाळची येऊन बसायची. कांदे चिरता चिरता म्हणाली, ‘‘वहिनी, दादा दुपारचा जातो कुठे गं? मी तेव्हा आले की घराला कुलूप. क्लॅरिनेटची पेटी घेऊन जाताना शेजारणीनं पाहिलंय. काम तर नाही म्हणतेस.’’

‘‘जात असतील मित्रांकडे.’’

‘‘रोज? बाई, तू फार साधी आहेस. मी असते तर मागं गेले असते.’’

नणंदेच्या डोक्यात काय होतं ते घुमीला कळलं. तिच्या डोक्यात ते नव्हतंच. पेटी घेऊन जातो. काम नाही, तरी रोज जातो. कोणाकडे जातो? तळघरवाल्या पिक्चरच्या संगीतकाराकडे?

त्या रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘अहो, आज कुठे गेला होतात का?’’

‘‘मी? छे. कुठे जाणार?’’ तो म्हणाला, आणि पाणी प्यायला लागला. ग्लास रिकामा झाला तरी तो पीतच होता.

तिने स्टुडिओत डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारी चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. नवरा पेटी घेऊन आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. ती मागे राहून चालायला लागली. मनात एकच विचार, आपल्याला असं कोणी पाहिलं तर काय म्हणेल. तो बाजारपेठेत वळला, शिंप्याच्या दुकानावरून गेला, आणि एका वाद्यांच्या दुकानाचा मागचा जिना चढला. मग वरून पट्ट्या दाबल्याचे आवाज यायला लागले. अडखळत. पुन्हा पुन्हा तेच.

ती जिना चढली. रहस्यपटातल्या नायिकेलाही एवढी धाकधूक झाली नसेल.

वर शिकवणीची खोली होती. भिंतीलगत कीबोर्ड मांडलेले. दोन वेण्या घातलेल्या मुली, एक निवृत्त गृहस्थ, आणि कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसलेला तिचा नवरा. त्याच्या एवढ्या लांब, सराईत बोटांना पट्ट्या सापडत नव्हत्या. बाजूला उभा दुकानदार म्हणत होता, ‘‘अंगठा खालून काढा, काका.’’

नवऱ्याने वर पाहिलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

‘‘अगं... तू?’’

‘‘इथूनच चालले होते,’’ ती म्हणाली. ‘‘हे काय करताय?’’

‘‘शिकतोय.’’ शेजाऱ्यांना कामाला निघाल्यासारखं वाटावं म्हणून आणलेली पेटी त्याने पायाने मागे सारली.

‘‘मला का नाही सांगितलंत? मी शिकवलं नसतं?’’

‘‘तुला कसं विचारणार?’’ तो म्हणाला. एवढंच. आणि ते इतक्या हळू म्हणाला की घुमीला सगळं समजलं.

अवघडलेपणा घालवायला दुकानदार पुढे झाला. ‘‘ताई, तुम्ही स्टुडिओत वाजवता ना? काका सांगत असतात. हे नवीन मशीन बघा, परवाच दुसरी खेप आलीय. तारा नाहीत, चकत्या नाहीत. सगळे आवाज कारखान्यातूनच भरून येतात. हे व्हायोलिन. ही बासरी. आणि हा आवाज ऐका, याच्यासाठी सिनेमावाले मशीन फार घेऊन जातात.’’

त्याने बटण दाबलं आणि एक पट्टी खाली धरली.

जवळजवळ जुळलेले दोन सूर. मधला हेलकावा. आधी दाबलेला, मग हळूहळू मोकळा होणारा.

वेण्यावाल्या मुली खिदळल्या. ‘‘भुताचं, भुताचं! पुन्हा लावा ना, सर!’’

घुमीने स्वतः बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चोर नव्हताच. कुठल्याशा कारखान्यात कोणीतरी बसून तिच्यासारखेच दोन सूर शेजारी ठेवून पाहिले होते, आणि त्याला तो हेलकावा सापडला होता. त्याने घुमीचं नावही कधी ऐकलं नसेल.

बाहेर आल्यावर तिला मोकळं वाटायला हवं होतं. नवऱ्याला सगळी हकीगत सांगितली, पिशवी तपासणाऱ्या पहारेकऱ्यासकट. हे तिने त्याला आजवर सांगितलंच नव्हतं. तो ऐकत गेला आणि चौकात थांबला.

‘‘मास्तरांना सांगू नकोस,’’ तो म्हणाला.

‘‘काय? माझ्यावरचा आळ जाईल की!’’

‘‘आळ जाईल आणि कामही जाईल. आज ते तुला चोर समजतात, पण बोलावतात. तुझा आवाज दुकानात मिळतो हे कळलं तर कशाला बोलावतील? मी या वाटेनं जाऊन आलोय गं.’’

घुमीला आधी शंका आली, हा मला का अडवतोय? मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ती शंका तिथेच गिळली. तो खरं बोलत होता. तोंड बंद ठेवलं तर रोज पिशवी उघडून दाखवायची आणि काम टिकवायचं. तोंड उघडलं तर ताठ मानेने घरी बसायचं. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही.

सकाळी ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. ‘‘माझ्याबरोबर बाजारात चला.’’

‘‘आत्ता? कशाला?’’

‘‘चोर दाखवते.’’

मास्तर आले. दुकानदाराने बटण दाबलं तेव्हा ते कितीतरी वेळ पट्टीवरच्या बोटाकडे बघत राहिले. घुमीला वाटलं, आता म्हणतील, माझं चुकलं. मास्तर दुकानदाराकडे वळले.

‘‘हे मशीन आणखी कोणाकोणाला विकलंत?’’

मग ते तिला म्हणाले, ‘‘तूही कधी सांगितलं नाहीस ना, कसा करतेस ते. सांगितलं असतंस तर शंका आली नसती.’’ आणि त्यांनी मशीन बांधायला सांगितलं.

पुढे नवरा म्हणाला होता तसंच झालं. उरलेला अर्धा पिक्चर पुरा होईपर्यंत घुमी जात राहिली. पहारेकऱ्याने पिशवी बघणं बंद केलं, रेकॉर्डिस्ट पुन्हा बोलायला लागला, जरा जास्तच. मग बोलावणी विरळ झाली आणि मग थांबली. तारांचं जुनं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं, तेव्हा तिने ते मास्तरांकडून मागून घेतलं. नवऱ्याने आणि रेकॉर्डिस्टने ते टेम्पोतून घरी आणलं. जिन्याच्या वळणावर भिंतीचा पोपडा गेला, घरमालकाने कटकट केली.

काही महिन्यांनी रेकॉर्डिस्टनेच तिचं नाव रेडिओच्या नाट्यविभागात सांगितलं. तिथे चित्र नसतं, त्यामुळे वादळ, आगगाडी, विहीर, माणसाच्या मनातली भीती, सगळं आवाजातूनच करावं लागतं. पैसे बेताचे, पण श्रुतिकेच्या शेवटी निवेदक नावं वाचायचा, आणि त्यात तिचं खरं, माहेरचं नाव असायचं. पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा नणंद म्हणाली, ‘‘ही कोण?’’

नवऱ्याची दुकानातली शिकवणी बंद झाली आणि घरात सुरू झाली. घुमी शिकवताना कडक होती. तो चुकला की ती काही बोलायची नाही, नुसती थांबायची, आणि ते त्याला रागावण्यापेक्षा वाईट वाटायचं. पण त्याच्या क्लॅरिनेटखाली तिचा तो हेलकावा ठेवला तर काहीतरी वेगळंच होतं, हे दोघांना एका संध्याकाळी अचानक कळलं. रेडिओवाल्यांनाही ते आवडलं. मग तेही काम मिळायला लागलं.

असाच एकदा सराव संपल्यावर तो क्लॅरिनेट पुसत म्हणाला, ‘‘एक विचारू? त्या दिवशी तू ‘इथूनच चालले होते’ म्हणालीस. तुझा स्टुडिओ तर पार दुसऱ्या टोकाला.’’

घुमी यंत्राच्या तारा काढून ठेवायला लागली.

‘‘मागे आली होतीस ना?’’

‘‘हो.’’

‘‘माझी बहीण काहीतरी म्हणाली असणार. बाईबिई आहे असं वाटलं तुला?’’

‘‘नाही,’’ घुमी म्हणाली. ‘‘बाई असती तरी चाललं असतं. मला वाटलं, तुम्ही माझा आवाज विकताय.’’

तो पुसता पुसता थांबला. फडकं खाली ठेवलं. तिला वाटलं, आता हा उठून जाणार.

‘‘मला?’’ तो म्हणाला. ‘‘अगं, मला तो अजून वाजवता येत नाही!’’

आणि मग तो हसायला लागला. घुमीही हसली, पण त्याच्यानंतर, आणि तो खरंच हसतोय याची खात्री करून.