चौदावा प्रश्न

"मॅडम, चौदावा खोडू नका." माझ्या अशिलानं, प्रमोदनं, माझा पेनच धरला.

घटस्फोटाच्या केसमध्ये कोर्टाची परवानगी घेऊन एक बाजू दुसरीला लेखी प्रश्न पाठवू शकते. उत्तरं शपथेवर द्यावी लागतात. बायको सरिता कारण नसताना कारध्याला माहेरी गेली, नंतर काडीचा संबंध ठेवला नाही, ही आमची केस. त्यापुरते तेरा प्रश्न मी काढले होते. चौदावा प्रमोदचा: माझी आई भंडाऱ्याला दवाखान्यात मरणाला टेकली, तेव्हा तू एकदाही का आली नाहीस?

"उत्तर काय येईल, माहीत आहे?"

"काय येईन? माह्या मायले पाहाले नाही आली ते. हेच मले जाळून राहिलं, मॅडम."

बोलता बोलता रडायला लागला. मला साकोलीच्या कोर्टातली तारीख गाठायची होती. ठेव बाबा, म्हटलं. तिथंच मी माती खाल्ली.

उत्तरं आली. तेरा प्रश्नांना एकेक ओळ. चौदाव्याला पाऊण पान.

'मी अकरा दिवस रोज सकाळी कारध्याहून नदीचा पूल ओलांडून दवाखान्यात येत होते. आईंचं अंग पुसलं, पेज भरवली. प्रमोद नाकाडोंगरीच्या खाणीतली ड्यूटी करून संध्याकाळी यायचे. त्याआधी आई मला घरी पाठवायच्या. पोरगा भांडंल, त्याले सांगू नको, म्हणायच्या. पास जोडला आहे.'

वॉर्डाच्या पासवर नातं लिहिलं होतं: सून.

प्रमोदनं ते दोनदा वाचलं. "माय मले सांगे, दिवसा आयाबाई पाहते."

मला त्याचा राग येत होता, माझा त्याहून जास्त.

"मॅडम, अजून एक प्रश्न पाठवता येते का? माय माह्याबद्दल काय बोले, शेवटी?"

"केसशी त्याचा संबंध नाही. कोर्ट परवानगी देणार नाही. कारधा काही लांब नाही, जाऊन विचार."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

केस पडली. संबंधच ठेवला नाही, हे आम्हीच आमच्या प्रश्नानं खोटं पाडलं होतं. कागदोपत्री दोघं अजून नवराबायको आहेत. तो कारध्याला गेलेला नाही.

आता प्रश्न काढायच्या आधी मी अशिलाला एवढंच विचारते, हे तू तिला तोंडी कधी विचारलं होतंस का? बहुतेक जण खाली बघतात.