शर्टाच्या आतला क्रूस

निघायच्या आदल्या रविवारी नगरच्या आमच्या मंडळीने माझ्यासाठी प्रार्थना केली. "प्रवासात भाऊंच्या हातून येशूची साक्ष घडो," असं पाळक म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन मीच म्हटलं. खरं तर मला फक्त तंजावूर बघायचं होतं.

कुंभकोणमहून बस धरली. दोन्हीकडे भातशेती, मधूनच पाटाचं पाणी. खिडकी मिळाल्यामुळे मी खुशीत होतो. पापनाशमला एक म्हातारी चढली. पायाला फडकं गुंडाळलेलं, ते ओलं झालेलं, आणि वास तर विचारू नका. डोळ्यांत मोतीबिंदू असावा. अगदी जवळ वाकून तिने माझ्या गळ्यातला चांदीचा क्रूस निरखला आणि म्हणाली, "येसप्पा" (येशूबाप्पा). मग शेजारच्या जागेकडे बोट केलं. तिथे माझी पिशवी होती.

पिशवी मी उचलली नाही. क्रूस तेवढा उचलून शर्टाच्या आत सोडला आणि शेतं बघत बसलो. रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मीच शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

बसने हिसका दिला आणि ती खाली कोसळली. अंगात ताप होता, शुद्ध नव्हती. मागच्या बाकावरचे वेष्टी (धोतर) नेसलेले एक गृहस्थ उठले, तिला आपल्या जागी निजवलं, उपरणं फाडून पाय बांधला. तंजावूरला रिक्षात घालून ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. मी लॉज शोधायला गेलो. क्रूस केव्हाच पुन्हा शर्टाबाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यामागच्या गल्लीत तेच गृहस्थ समोर आले. मी चुकवू पाहत होतो.

"तुम्हीं कालच्या बसमध्यें होतां नव्हे?" चक्क मराठीत. स्वामिनाथराव, निवृत्त शिक्षक. घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलं. माझं सारं त्यांनी मागून पाहिलेलं.  तरी घरी नेऊन कापी (कॉफी) पाजली आणि दहीभाताचा डबा घेऊन म्हणाले, "त्या पाटीला (आजीला) द्यायला जातों. येतां का?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दवाखान्यात खाटेवर ती बसली होती. मी वाकताच क्रूस तिच्या हाताला लागला. तिने माझे दोन्ही हात धरले आणि शेजारणींना ऐकू जाईल असं बोलू लागली.

स्वामिनाथराव हळूच म्हणाले, "म्हणते, हाच तो येसप्पाचा माणूस. याणेंच मला उचललें, पाय बांधला."

"तिला खरं सांगा हो."

"कशाला? तिचा तसा विश्वास आहे. असूं दे." डबा माझ्या हातात देत म्हणाले, "भरवा."

मी भरवलं. प्रत्येक घासाला ती माझ्या डोक्यावर हात ठेवत होती. वर बघायची मला छाती झाली नाही.

क्रूस घातलेला माणूस तोंड फिरवील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. परतीच्या गाडीत मला तेवढंच टोचत राहिलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

रविवारी पाळकांनी विचारलं, "भाऊ, काय साक्ष घडली?" सगळे कौतुकाने बघत होते. मी उठलो आणि पिशवीपासून सांगायला सुरुवात केली.